दूरचा मारा की हातघाई?

कागद, पेन्सिल, नकाशा आणि वीस बाजूंचा एक फासा एवढ्याच सामग्रीवर चार-पाच जण टेबलाभोवती बसून तासन् तास खेळतात, असा एक खेळ आहे. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक जगातले एक पात्र उभे करतो आणि एक जण सूत्रधार होऊन ते जग चालवतो. पात्रांमध्ये जादूगार असतात, चोर असतात, धर्मोपदेशकही असतात. पण नवख्या खेळाडूला बहुधा सुचवले जाते ते सर्वांत सोपे पात्र म्हणजे योद्धा. योद्धा निवडला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: त्याच्या हाती धनुष्य द्यायचे की तलवार?

प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो, पण तसा तो नाही. एकच पात्र घेऊन महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे खेळायचे असते. ताकद आणि चपळाई यांपैकी कोणत्या गुणाला अधिक अंक द्यायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरते. तलवारीसाठी घडवलेला योद्धा पुढे धनुष्य हाती घेतो, तेव्हा तो निम्माच उरतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. पन्हाळा, पुरंदर, पानिपत आणि असई या ठिकाणी हाच प्रश्न फाशांवर नव्हे, तर माणसांच्या प्राणांवर सोडवला गेला. त्या अनुभवाच्या उजेडात खेळाचे नियम तपासले, तर दोन्ही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

फाशांचे गणित

आधी खेळातील हिशेब पाहू. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीनुसार लांब धनुष्याचा बाण लागला तर आठ बाजूंचा एक फासा टाकून इजा ठरते. दोन्ही हातांनी पेलायच्या मोठ्या तलवारीला सहा बाजूंचे दोन फासे मिळतात. म्हणजे बाणाची सरासरी साडेचार, तर तलवारीची सात. मात्र धनुर्विद्येत तरबेज असलेल्या योद्ध्याला नेम साधताना दोन अंकांची भर मिळते. वीस बाजूंच्या फाशावर दोन अंक म्हणजे शंभरातले दहा नेम अधिक.

समजा, दोन्ही योद्धे पहिल्या पायरीवर आहेत, प्रत्येकाच्या मुख्य गुणाची भर तीन आहे आणि समोरच्या शत्रूचा संरक्षणाचा अंक पंधरा आहे. तलवारबाजाचे शंभरातले पंचावन्न वार लागतील, धनुर्धाऱ्याचे पासष्ट बाण लागतील. मोठी शस्त्रे चालवण्याची खास शैली तलवारबाजाने घेतली असेल आणि क्वचित पडणारे दुप्पट फटके बाजूला ठेवले, तर दर फेरीत तलवारीची सरासरी सुमारे सव्वासहा येते आणि धनुष्याची पाचच्या आत. पाच-सहा फेऱ्यांच्या झुंजीत हा फरक सात-आठ अंकांचा, म्हणजे साधारण एका चांगल्या वाराएवढा होतो.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर तलवार जिंकली. परंतु हे गणित दोघे योद्धे शत्रूपर्यंत पोहोचले आहेत असे धरून चालते. खरा फरक तिथेच आहे.

अंतर म्हणजे वेळ

लांब धनुष्याचा सहज पल्ला १५० फूट, म्हणजे सुमारे ४५ मीटर आहे. त्यापलीकडे ६०० फुटांपर्यंतही बाण जातो, पण तेव्हा दोन फासे टाकून त्यांतला कमी अंक धरावा लागतो. पायदळ योद्धा एका फेरीत तीस फूट चालतो. वार करण्याची संधी सोडून नुसता धावला तर साठ फूट. एक फेरी सहा सेकंदांची. तेव्हा १५० फुटांवरच्या धनुर्धाऱ्याला गाठताना तलवारबाजाच्या दोन फेऱ्या धावण्यात जातात आणि तिसऱ्या फेरीत कुठे त्याचा पहिला वार पडतो. तोवर धनुर्धाऱ्याचे दोन-तीन बाण सुटलेले असतात. इजेच्या हिशेबात मागे असलेले धनुष्य इथे पुढे जाते.

पण शत्रू पाच फुटांवर येऊन ठेपला की धनुर्धाऱ्याचा नेम बिघडतो. त्यालाही दोन फाशांतला कमी अंक घ्यावा लागतो. शत्रू झाडामागे किंवा भिंतीआड असेल तर त्याच्या संरक्षणात दोन, कधी पाच अंकांची भर पडते. शिवाय एक नियम नवख्यांच्या नजरेतून बहुतेक वेळा सुटतो. तलवारबाजाच्या टप्प्यातून कोणी निसटू पाहिला तर त्याच्यावर एक जादा वार करता येतो. धनुर्धाऱ्याला ही मुभा नाही. म्हणजे धनुर्धारी शत्रूला मारू शकतो, पण अडवू शकत नाही. वाट रोखून धरण्याचे काम तलवारीचेच राहते.

थोडक्यात, धनुर्धारी मोकळ्या जागेतून वेळ मिळवतो. तलवारबाज स्वतःचे शरीर आडवे घालून वेळ मिळवतो. कोणते शस्त्र श्रेष्ठ, यापेक्षा दोघांमधले अंतर कोण ठरवतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एकच शिवार, दोन उत्तरे

हे अंतर ठरवतो तो मुलूख. समजा, सूत्रधाराने नकाशा म्हणून कोल्हापूरलगतचे, करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीचे शिवार घेतले. शहराच्या पूर्वेकडचा हा भाग बराचसा सपाट आहे. ऊस तुटून गेला आहे आणि रान उघडे पडले आहे, अशा वेळी दोनशे पावलांवरचा माणूसही स्पष्ट दिसतो. इथे धनुर्धाऱ्याचे राज्य. तलवारबाजाला ना आडोसा, ना चढउतार; धावत येणाऱ्या प्रत्येक पावलाची किंमत त्याला मोजावी लागेल.

तेच शिवार पावसाळ्याच्या अखेरीस घ्या. डोक्यापेक्षा उंच ऊस उभा आहे, सऱ्यांत चिखल आहे आणि चार हातांवरचे दिसत नाही. न दिसणाऱ्या शत्रूवर बाण सोडायचा तर खेळातही दोन फाशांतला कमी अंक धरावा लागतो. उसातून अचानक पाच फुटांवर उगवणारा तलवारबाज इथे भारी ठरेल. गाव तेच, जमीन तीच, योद्धेही तेच. पण हंगाम बदलला आणि उत्तर उलटे झाले. म्हणून कोणत्या मुलखात, कोणत्या ऋतूत, हे विचारल्याशिवाय दोन योद्ध्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरहून पश्चिमेला सह्याद्रीकडे निघाले की नकाशा आणखी बदलतो. सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० च्या मार्चपासून पन्हाळा अडकला होता. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी जौहरला तोफांची मदत केली, तरी किल्ला पडला नाही. (त्या मदतीचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटून विचारला.) १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडाच्या वाटेवर घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या मावळ्यांनी पाठलागावरची फौज रोखली. धो धो पाऊस, चिंचोळी वाट आणि दाट रान. अशा हवेत धनुष्याची दोरी सैल पडते, बंदुकीची दारू ओलसर होते आणि जामगी विझते. संख्येने मोठ्या असलेल्या शत्रूला एका वेळी मोजकीच माणसे पुढे आणता येत होती.

बाजीप्रभूंचे काम शत्रूचा पराभव करणे हे नव्हते; महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत वाट अडवणे हे होते. धनुर्धाऱ्याला जे जमत नाही नेमके तेच. अखेर बंदुकीच्या गोळीने बाजीप्रभू घायाळ झाले, असे परंपरा सांगते. पुरंदरावर १६६५ मध्ये मुरारबाजी देशपांडे यांच्याबाबतही सभासद बखर असेच सांगते: हातघाईत आवरेना म्हणून दिलेरखानाने त्यांच्यावर बाण सोडला. दोन्ही कथांमधून एकच गोष्ट दिसते. जवळच्या लढाईत अजिंक्य ठरलेल्या माणसाला हरवायचे, तर शत्रू पुन्हा अंतराचा आश्रय घेतो.

याची उलट बाजू उंबरखिंडीत दिसते. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगल फौज कोकणात उतरताना दाट जंगलातील अरुंद वाटेत अडकली. तिथे मराठ्यांनी दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून मारा केला. खानाच्या फौजेला वर चढून भिडता येईना आणि मागेही फिरता येईना. खिंड तीच, पण या वेळी दूरचा मारा जिंकला, कारण अंतर मराठ्यांच्या हाती होते.

आखाड्यातील शस्त्रे

कोल्हापुरात आजही चालणाऱ्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत शस्त्रांची मांडणी पाहिली की ती पल्ल्यानुसार लावता येते. सर्वांत जवळची कट्यार आणि जंबिया. त्यानंतर ढाल-तलवार, तिच्या सरावासाठी फरी-गदका, म्हणजे लहान ढाल आणि काठी. त्यापुढे दांडपट्टा. पट्ट्याच्या लोखंडी मुठीत मनगटापासून कोपरापर्यंतचा हात झाकला जातो आणि लवचिक पाते जणू हाताचाच लांबलेला भाग बनते. गर्दीत चहूबाजूंनी वार फिरवायला हे शस्त्र उपयोगी. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. त्यापुढे लाठी, भाला आणि भाल्याच्या सरावाची बोथाटी.

या रांगेत एक शस्त्र असे आहे की ते ना पुरते जवळचे, ना पुरते दूरचे. ते म्हणजे विटा. साधारण पाच फुटांचा भाला, त्याच्या मागच्या टोकाला सुमारे तेवढीच दोरी आणि दोरीचे दुसरे टोक मनगटाला. भाला फेकायचा आणि झटका देऊन परत ओढून घ्यायचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये फेकलेला भाला हातातून जातो. तो परत मिळवायला तिथवर चालत जावे लागते. विट्याने ही अडचण दोरीने सोडवली, पण त्याबरोबर पल्ल्यालाही दोरीची मर्यादा आली. दूर मारायचे तर शस्त्र सोडावे लागते आणि शस्त्र राखायचे तर दूर मारता येत नाही, या पेचातली ही तडजोड आहे.

आखाड्याची दुसरी शिकवण पायांची आहे. पवित्रा म्हणजे पावलांची ठेवण पक्की झाल्याखेरीज पट्ट्याचा हात फिरत नाही. पुढे झेप, मागे सरणे, बगल देणे, ही सगळी अंतर राखण्याचीच विद्या. म्हणजे जवळून लढणाऱ्यालाही अंतराचा अभ्यास चुकत नाही. त्याचे अंतर फुटांत मोजायचे असते, एवढेच.

खेळाने इथे धनुष्याला थोडे झुकते माप दिले आहे, हेही सांगायला हवे. खेळात बाण दर सहा सेकंदांना बिनचूक सुटतो, पावसाची गणना सूत्रधाराच्या मर्जीवर असते आणि धनुष्याला केवळ चपळाई लागते. प्रत्यक्षात लढाईचे धनुष्य ओढायला खांद्यात बळ लागे आणि ते कमवायला वर्षे जात. तोड्याची बंदूक शिकायला सोपी होती, पण नळीत दारू ओतणे, गोळी घालणे, गजाने ठासणे आणि जामगी सांभाळणे यांत इतका वेळ जाई की तेवढ्यात तिरंदाजाचे कितीतरी बाण सुटत. सर्वांत स्वस्त दूरचे शस्त्र शेतकऱ्याच्याच घरी होते: ज्वारीच्या रानातली पाखरे उडवणारी गोफण.

एकट्या माऱ्याची किंमत

दोन्ही प्रकारचे योद्धे हाताशी असूनही त्यांचा मेळ बसला नाही, तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण पानिपतचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी डाव्या बाजूला रोहिल्यांची मोठी हानी केली. परंतु बंदूकधाऱ्यांच्या बगला सांभाळायला जे घोडदळ हवे, त्याची साथ शेवटपर्यंत टिकली नाही. मध्यभागी मराठा घोडेस्वार पुढे घुसले, तेव्हा त्यांच्याच मागच्या तोफांना त्यांची आड आली. अब्दालीकडे मात्र उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा, जंबुरका होत्या. हवे तिथे नेता येणारा मारा, हे त्याचे बळ होते. टेबलावरच्या खेळातही हीच चूक रोज घडते. तलवारबाज घाईने पुढे धावतो आणि धनुर्धाऱ्याच्या नेमात शत्रूबरोबर मित्रही येतो. नियमांनुसार मधल्या माणसाचा शत्रूला आडोसाच मिळतो.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, दुसरे टोक दिसले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या बाजूला शंभराच्या आसपास तोफा होत्या. आर्थर वेलस्लीने केळणा नदी पार करून बाजूने चाल केली. तोफांच्या माऱ्यात त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. गोलंदाज तोफांजवळून हटले नाहीत. इंग्रज पायदळ पुढे निघून गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या काहींनी उठून मागून तोफा डागल्या. तरीही शेवटी संगिनी तोफांपर्यंत पोहोचल्या. त्या क्षणी गोलंदाजांपुढे आडवे उभे राहणारे कोणी उरले नव्हते आणि बहुतेक तोफा शत्रूच्या हाती गेल्या. मारा उत्तम होता, माणसे शूर होती. अंतर संपल्यावर काय करायचे, याची तजवीज नव्हती.

ही तजवीज ज्याने सर्वांत चांगली साधली, त्याचा वारसा कोल्हापूरच्याच मुलखात आहे. सेनापती कापशीच्या घोरपडे घराण्याला मोठे केले ते संताजींनी. १६९५ मध्ये दोड्डेरीला कासीमखानाविरुद्ध त्यांनी फौजेचे तीन भाग केले: एक छावणीवर पडायला, एक समोर भिडायला आणि एक राखीव. घोडेस्वारांच्या जोडीला कर्नाटकातले बंदूकधारी पायदळ होते. पुढे १६९६ च्या जानेवारीत बसवापट्टणजवळ हिंमतखान पाठलाग करत रानात शिरला आणि तिथे गोळी लागून मारला गेला. घोडेस्वाराने शत्रूला हव्या त्या जागी आणायचे आणि बंदूकधाऱ्याने त्याला टिपायचे, अशी ही वाटणी होती.

मग निवड कोणती?

खेळाडूने योद्धा उभा करताना हे सारे कामाला येते. पहिली गोष्ट, सूत्रधाराला मुलूख विचारावा. कथा भुयारांत, गल्लीबोळांत, किल्ल्यांच्या दालनांत घडणार असेल तर दीडशे फुटांचा पल्ला कागदावरच राहील. तलवार, ढाल आणि जाड चिलखत घ्यावे. कथा माळरानावर, समुद्रावर किंवा उडणाऱ्या शत्रूंविरुद्ध घडणार असेल तर धनुष्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, सोबत्यांकडे पाहावे. गटात दोन जादूगार आणि एक चोर असतील, तर दूरचा मारा भरपूर आहे. त्यांच्यापुढे उभा राहणारा माणूस नाही. अशा गटात तिसरा धनुर्धारी म्हणजे असईच्या तोफा. उलट, गटात आधीच दोन दणकट तलवारबाज असतील, तर त्यांच्या मागून नेम धरणारा एक हवाच.

तिसरी गोष्ट, दुसरे शस्त्र बाळगावे. धनुर्धाऱ्याने चपळाईवर चालणारी छोटी तलवार कमरेला ठेवावी. तलवारबाजाने ताकदीवर फेकता येणारे दोन-चार भाले पाठीवर घ्यावेत. आपल्या मुख्य शस्त्राचे अंतर हातातून सुटले, तर पुढच्या दोन फेऱ्या तरून जाण्याची ही तरतूद आहे.

चौथी गोष्ट, नियमांची आवृत्ती पाहून घ्यावी. २०१४ च्या नियमांत नेमबाज आणि मोठ्या शस्त्राचा योद्धा या दोघांनाही एक खास कौशल्य घेता येई: नेमातले पाच अंक सोडायचे आणि लागलाच तर इजेत दहा अंकांची भर घ्यायची. धनुर्धाऱ्याला नेमाची भर आधीच मिळत असल्याने हा सौदा त्याला अधिक फायद्याचा ठरे. शिवाय त्याच कौशल्याने आडोसा आणि लांबचा पल्ला या दोन्ही अडचणीही दूर होत. त्यामुळे कित्येक वर्षे धनुष्याकडे पारडे झुकले होते. २०२४ च्या सुधारित नियमांनी ही पाच-दहाची देवाणघेवाण काढून टाकली. जुन्या सल्ल्यावर विसंबून आज धनुर्धारी उभा केला, तर तो अपेक्षेइतका भारी पडणार नाही.

शेवटी उरतो स्वभाव. काही जणांना सगळे मैदान नजरेत ठेवून, थांबून, नेमक्या क्षणी बाण सोडण्यात रस असतो. काहींना दार अडवून उभे राहण्यात. कोल्हापूरच्या मातीने दोन्ही स्वभावांना जागा दिली आहे. इथल्या तालमींत आणि राजाराम महाविद्यालयात घडलेल्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राला त्यानंतरचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक ७२ वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिसला, जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी मिळवून दिले, तेही ५० मीटरवरच्या लक्ष्याचा वेध घेऊन. एकाला प्रतिस्पर्ध्याच्या श्वासाएवढे जवळ जावे लागले. दुसऱ्याला स्वतःचा श्वास रोखून जागच्या जागी थांबावे लागले. टेबलावर बसणाऱ्या खेळाडूने यांपैकी आपल्याला काय जमते ते ओळखावे आणि मगच फासा हाती घ्यावा.